गड्ड्यातली रात्र आणि नादिराचा गाऊन

१५ जानेवारी १९५६, रविवार. संक्रांत काल झाली. तुम्ही सोलापुरात होम मैदानाच्या कडेला उभे आहात आणि धुळीनं डोळे चुरचुरतायत. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली जत्रा, ऐन भरात आहे. गॅसबत्त्यांच्या उजेडात भांड्यांची दुकानं, बांगड्यांच्या राशी, लाकडी पाळणे, भज्यांच्या कढया. एका अंगाला सिद्धेश्वराचं तळं, पलीकडे भुईकोट किल्ल्याचा काळा तट. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी एकाच वाक्यात मिसळतात, आणि त्याचं इथे कुणाला अप्रूप नाही.

गर्दीतून पांढऱ्या बाराबंदीतली माणसं पुढे जाताना दिसतात. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, त्यांच्या मागेपुढे चालणारी ही मंडळी. बाराबंदी म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, बटणाचं कामच नाही. यात्रेच्या दिवसांत ती पेटीतून निघते, अंगावर चढते आणि धुऊन परत पेटीत जाते. बाप थकला की मुलगा घालतो. या माणसांकडे जरा नीट बघून घ्या, पुढे त्यांची गरज पडणार आहे.

उद्या संध्याकाळी नेहरू रेडिओवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा करतील आणि महाराष्ट्र पेटेल. हे या मैदानात फक्त तुम्हाला माहीत आहे. आज लोक निवांत आहेत. गड्डा बघून झाला, आता रात्रीचा खेळ. राज कपूरचा ‘श्री ४२०’ गेल्या सप्टेंबरात मुंबईत लागला, त्याची गाणी गावात सिनेमाच्या आधीच येऊन पोचली आहेत. तुम्ही आला आहात ते मात्र गाण्यांसाठी नाही. त्यातला एक गाऊन बघायला आला आहात.

तिकीट काढून आत शिरा. बायकांची बसायची सोय वेगळी, पण गड्ड्याच्या गर्दीत सगळं थोडं सैल झालंय. तुमच्या डाव्या हाताला साखर पेठेतला एक विणकर आहे, पद्मशाली, घरात दोन हातमाग. त्याच्या मागच्या रांगेत त्याची बायको आणि वहिनी. दोघी दिवसभर विड्या वळतात, बोटांना तंबाखूचा वास आहे. उजव्या हाताला गिरणीतला माणूस, साचे खात्यातला. सदरा धुतलेला, कडक इस्त्रीचा, पण कानामागे कापसाचं तूस अडकलेलं राहिलंय.

या गावाला कापडाबद्दल कुणी काही शिकवायला नको. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, तीच पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. तिच्या भोंग्यावर गावाचे दिवस सुरू झाले आणि संपले. ऑगस्ट १९४९ मध्ये याच गिरणीला टाळं लागलं तेव्हा हजारो घरांच्या चुली अडल्या. जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून कारभार हाती घेतला, एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला, आणि चिरंजितलाल चौधरी खटला कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात जाऊन बसला. समतेच्या हक्काचा अर्थ लावताना वकील आजही सोलापूरच्या त्या गिरणीचं नाव घेतात. तुमच्या शेजारच्या माणसाला कलम-बिलम ठाऊक नाही. गिरणी बंद असताना उधारीवर ज्वारी कशी आणली ते त्याला पाठ आहे.

दिवे जातात. टायटलं चालू होतात तेव्हा निम्मे लोक जागा शोधतायत, बॅटरीचा उजेड पायांत फिरतोय. पडद्यावरची नावं कुणी वाचत नाही.

सिनेमा रंगतो. अलाहाबादचा बी. ए. झालेला राज मुंबईत येतो, प्रामाणिकपणाचं पदक गहाण टाकतो, लाँड्रीत कामाला लागतो. लाँड्री आली की थिएटरात हशा होतो, कारण कपड्यांवर ज्यांचं पोट आहे अशांचंच हे थिएटर आहे. तो धुतलेले कपडे घेऊन माया नावाच्या बाईच्या घरी जातो आणि तिथून त्याचं आयुष्य घसरायला लागतं. संपूर्ण गोष्ट कपड्यांवर फिरते. फाटकी पँट आणि आखूड कोट म्हणजे खरा राज, आणि संध्याकाळचा काळा सूट चढला की तो एका नसलेल्या संस्थानाचा राजकुमार.

मग ती दिवाळीची रात्र येते. क्लबात साडी नेसून आलेली त्याची प्रेयसी विद्या, म्हणजे नर्गिस, अवघडते, अपमान गिळते आणि निघून जाते. राज तिच्यामागे जायला वळतो. आणि माया त्याला अडवते.

इथे थिएटरातली कुजबुज थांबते.

नादिरा. अंगासरशी बसलेला, चमचमणारा गाऊन, खाली पायांशी माशाच्या शेपटीगत पसरलेला. हातात लांब सिगारेट होल्डर. आशाबाईंचा आवाज, शैलेंद्रचे शब्द, शंकर-जयकिशनचा ठेका. मागे बघू नकोस, ती सांगते, आणि तुमच्यासकट सगळं थिएटर तिच्याकडेच बघत राहतं. गाऊनचा रंग कोणता ते कुणालाच कळत नाही. कृष्णधवल पडद्यावर त्याला रंग नाहीच, नुसता उजेड आहे. ती वळते तसा उजेड कंबरेवरून घसरतो, गुडघ्याशी थांबतो आणि घोळात सांडतो.

तिची चाल बघा. ढांग टाकता येत नाही. गुडघ्यापर्यंत आवळलेला कपडा जेवढं सोडेल तेवढंच पाऊल पडतं, म्हणून ती अशी सरपटत, लयीत, कुणाचीही घाई नसल्यासारखी चालते. माया नावाचं पात्र निम्मं त्या शिवणीनं उभं केलंय. मन्ना डेंचा आवाज येतो, राज नाचायला लागतो, त्याचा निर्णय झाला. विद्याची साडी हरली.

“अंगावर शिवलंय का घातलंय, कळंना की ओ,” विणकर तुमच्या कानाशी म्हणतो. त्याच्या नजरेत वासना नाही, हिशेब आहे. उभा धागा कुठल्या अंगानं गेला असेल, कापड किती वाया गेलं असेल. त्याच्या मागावर कापड सरळ येतं. ताणा उभा, बाणा आडवा, धोटा या हातून त्या हाताला. त्याच्या सासूच्या इरकली लुगड्याचा रेशमी पदरसुद्धा सुती पोताला शिवलेला नाही. पदराचे आणि अंगाचे ताण्याचे धागे मागावरच एकमेकांत गुंतवून जोडले जातात. मागावरून उतरवताना कात्री लागते तेवढीच, नंतर त्या वस्त्राला कात्री ठाऊक नाही. आणि इथे कुणीतरी चांगलं कापड तुकडे तुकडे करून एका बाईच्या अंगाचा साचा बनवलाय.

मागून वहिनीचा प्रश्न येतो, आणि तो साऱ्या थिएटरातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. “घामाचं काय करत असंल ती?”

कपडे जपणाऱ्या जगातल्या मोठमोठ्या संस्था याच प्रश्नाशी झगडतात. घाम रेशमाला खातो. काखेशी, कंबरेशी, मानेशी कपडा आधी पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, मग हात लावला की तुटतो. स्टुडिओच्या हजार-दोन हजार वॅटच्या दिव्यांखाली, पुन्हा पुन्हा टेक देत, एक गाणं पुरं व्हायला दिवस जातात. गाऊनचा मृत्यू तिथेच सुरू झालेला असतो.

आता जरा मागे चला. १९५५च्या अलीकडे-पलीकडे, मुंबई. पडद्यामागचं माणूस भेटायला हवं.

ती कोल्हापूरची. भानुमती राजोपाध्ये, जन्म २८ एप्रिल १९२९. वडील अण्णासाहेब चित्रकार. ते ती लहान असतानाच गेले, पण हातात ब्रश देऊन गेले. मुंबईला येऊन ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, १९५१ मध्ये सुवर्णपदक मिळवलं. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३च्या प्रदर्शनात तिची चित्रं होती, पुरुषांच्या त्या कंपूत ती एकटी बाई. शिवाय ‘ईव्हज वीकली’साठी ती फॅशनची रेखाचित्रं काढायची. त्या साप्ताहिकाच्या संपादिकेनं बुटिक काढलं तेव्हा कागदावरचे कपडे प्रत्यक्षात आण म्हणून तिलाच सांगितलं. बुटिकात सिनेमातल्या बायका येऊ लागल्या, कामिनी कौशल आली, आणि तिथून ती सिनेमात गेली. लग्नानंतर तिचं नाव झालं भानू अथय्या.

‘श्री ४२०’च्या वेळी ती पंचविशी-सव्विशीची आहे. टेबलाशी उभे राहा, बोलू नका. रंगात विचार करून इथे चालणार नाही. राधू कर्मकारांचा कॅमेरा करडे, काळे, पांढरेच टिपणार. म्हणजे कापड निवडायचं ते उजेडाला काय करतं त्यावरून. साटीन उजेड परत फेकतं, मखमल पिऊन टाकते, शिफॉन त्याला आरपार जाऊ देतं, टिकली तुकड्या-तुकड्यानं झळकते. चित्रकलेचं शिक्षण इथे कामी येतं. आणि मग मास्तरचा टेप, खडूच्या खुणा, अस्तर, कच्ची टाचणी, उभ्या पट्ट्यांत कापलेले भाग, घोळासाठी खाली घातलेल्या कळ्या. नटी एकदा येते, उभी राहते, टाचण्या लागतात. पुन्हा येते. पोट आत घे म्हणतात, श्वास घेऊ नको म्हणतात. हिंदी सिनेमात तोवर खलनायिकेचा झगा म्हणजे बाजारातून आणलेलं काहीतरी चकचकीत, असा प्रकार सर्रास होता. भानूनं तो पात्राच्या स्वभावापासून काढला. माझ्या मते भारतीय सिनेमात कपडा संवाद बोलायला लागला तो या गाण्यापासून, आणि हे मी फार विचार करून लिहितो आहे.

नादिरा तेव्हा बावीस वर्षांची. बगदादी ज्यू घरातली मुलगी, ‘आन’मधून आलेली. हा गाऊन तिला इतका चपखल बसला की पुढे सिनेसृष्टीनं तिला त्यातून बाहेर येऊच दिलं नाही. तशाच भूमिका, तसाच होल्डर, तशाच भुवया.

शूटिंग संपलं. गाऊन हँगरवर. इथे थांबा, कारण सगळी गोष्ट या क्षणात आहे. त्या खोलीत कुणालाही वाटत नाही की या वस्तूला एक चिठ्ठी लावावी. चित्रपटाचं नाव, साल, कुणी घातला, कुणी रेखाटला, कुणी शिवला. कपडा म्हणजे सेटवरच्या खुर्चीसारखी मालमत्ता. लागला तर पुढच्या सिनेमात, उसवून, आवळून, दुसऱ्या नाचणारीच्या अंगावर. नाहीतर पेटीत. मुंबईतल्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं असंच चालत आलं, आणि तेव्हा ते कुणाला चुकीचंही वाटलं नाही.

परत सोलापूर, पण आता १९६५. तोच गाव, तीच धूळ, पडद्यावर मात्र रंग आलेत. ‘वक्त’ लागलाय. वेशभूषा भानू अथय्यांची, साधनाच्या घट्ट चुडीदार-कुर्त्यांनी देशभरातल्या मुलींना शिंप्यांकडे पळवलं. पण सोलापूरकर राणीसाहेबाची वाट बघतायत. ती भूमिका शशिकलाची, आणि शशिकला या गावची. १९३२ साली इथे जन्मलेली जवळकरांची मुलगी, लहानपणीच गावोगावच्या रंगमंचांवर नाचणारी. घर आर्थिक अडचणीत आलं, कुटुंब मुंबईला गेलं, काम मागत स्टुडिओ पालथे घातले, नूरजहाँनं हात दिला आणि १९४५च्या ‘झीनत’मध्ये कव्वालीतल्या मुलींत तिला जागा मिळाली. ‘आरती’ आणि ‘गुमराह’साठी फिल्मफेअर घेऊन झालेत आता. तिच्या भुवया वर गेल्या की इथल्या थिएटरात बायका बोटं मोडतात आणि कौतुकही करतात. नादिरानं ज्या वाटेवर गाऊनचा घोळ ओढत नेला, त्याच वाटेवर सोलापूरची पोरगी चालली. पुढे २००७ मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

कोल्हापूरची एक आणि सोलापूरची एक, हिंदी सिनेमातल्या श्रीमंत संध्याकाळी घडवणाऱ्यांत या दोघी मराठी बायका. दोन्ही गावांना त्याचा म्हणावा तेवढा अभिमान आजही नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता एक लांब उडी. ५ डिसेंबर २००६, लंडन, क्रिस्टीज. बाहेर ओलसर थंडी, आत खुर्च्यांच्या रांगा, भिंतीलगत फोनवर बोली घेणारी माणसं. समोर पुतळ्यावर काळ्या साटीनचा बिनबाह्यांचा गाऊन. ऑड्री हेपबर्नसाठी युबेर द जिवाँशीनं ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ या १९६१च्या सिनेमाकरता केलेला. अंदाज होता पन्नास ते सत्तर हजार पौंडांचा. आकडा त्याच्यावर जातो, थांबत नाही, लोक हसू लागतात, मग हसणं थांबतं. हातोडा पडतो आणि दलाली धरून हिशेब होतो ४,६७,२०० पौंड. त्या दिवसाच्या दरानं चार कोटी रुपयांच्या वर.

ही रक्कम कुठे गेली ते सांगतो. जिवाँशीनं हा गाऊन डॉमिनिक लॅपिएर या लेखकाला दिला होता, त्याच्या ‘सिटी ऑफ जॉय’ या संस्थेसाठी. पैसे भारतातल्या गरिबांच्या कामाला आले. एका सिनेमातल्या काळ्या कपड्यातून आपल्या देशात शाळेच्या भिंती उभ्या राहिल्या, कारण पॅरिसच्या एका शिवणघरानं तो पंचेचाळीस वर्षं नीट ठेवला आणि त्याला नाव लावून ठेवलं.

त्या तारखेकडे पुन्हा बघा. ५ डिसेंबर हा नादिराचा जन्मदिवस. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला ती मुंबईत वारली होती.

लिलावघरात खुर्चीवर बसल्या-बसल्या तुम्हाला कळतं की दुर्मिळ असणं आणि संग्राह्य असणं यांत एक माणूस उभा असतो. कपडा एकमेव असून भागत नाही. तो अमक्याचाच आहे हे सिद्ध करणारा कागद, तेव्हाचा फोटो, आतल्या बाजूची पट्टी, शिवणीवरचा नटीच्या नावाचा धागा, या सगळ्याची साखळी हवी. ती तुटली की कोट्यवधींची वस्तू जुन्या बाजारात शेकड्यानं जाते. आणि साखळी एका दिवसात घडत नाही. ती कारकुनी आहे, कंटाळवाणी, चिकाटीची.

भानू अथय्यांना हे पुरतं ठाऊक होतं. ११ एप्रिल १९८३ रोजी ‘गांधी’साठी त्यांना जॉन मोलोंसोबत ऑस्कर मिळालं, भारताला मिळालेलं पहिलं. २०१२ मध्ये त्यांनी ते अकादमीकडे परत सोपवलं. देणाऱ्यांवर राग म्हणून नव्हे. आपल्यामागे इथे ते सुरक्षित राहील याची त्यांना खात्री वाटेना. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक २००४ मध्ये चोरीला गेलं होतं, आणि तो दाखला त्यांनी स्वतः दिला. एका चित्रकार बाईनं पन्नास वर्षं काम करून, शंभराच्या वर चित्रपट सजवून, अखेरीस आपली सर्वांत मोठी खूण देशाबाहेर ठेवायला दिली. हे वाचताना मान खाली जायला हवी, आणि जबाबदारी एकट्या सरकारची नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या गेल्या. डिसेंबरात मुंबईतल्या प्रिन्सेप्स या लिलावसंस्थेनं त्यांच्या संग्रहातल्या कलाकृती विक्रीला काढल्या, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की त्या मुळात चित्रकार होत्या.

आणखी एक ठिकाण आहे, तिथे जायची इच्छा होणार नाही. १६ सप्टेंबर २०१७, शनिवार, चेंबूर. आर. के. स्टुडिओ. राज कपूरनं १९४८ मध्ये उभा केलेला. एका नाचाच्या कार्यक्रमाच्या सेटला आग लागली आहे, धूर रस्त्यावरून दिसतो. माणसं सुखरूप बाहेर आली. आत कपडे आहेत. ऋषी कपूर नंतर लिहून कळवतात की नर्गिसपासूनचे आर. के.च्या नायिकांचे पोशाख गेले, ‘मेरा नाम जोकर’मधला मुखवटा गेला. सात दशकांचे कपडे एका दुपारी. फायरब्रिगेडचं पाणी गटारात वाहतंय, त्यावर काळी राख तरंगतेय, आणि तुम्ही तिच्यात चमचमणारं काही दिसतं का हे शोधता आहात. नका शोधू. पुढच्या वर्षी घराण्यानं स्टुडिओ विकायचं ठरवलं, आता तिथे इमारती आहेत. मायाचा गाऊन आपल्याला भेटतो तो सेल्युलॉइडवर, गाण्याच्या त्या काही मिनिटांत.

आज कुठेच काही होत नाही असं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांचं वेगळं दालन आहे, जुनं कापड वाचवणारी प्रयोगशाळा आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात साध्या घरांतले कपडेही मानानं ठेवलेत. पेडर रोडवर गुलशन महालात जानेवारी २०१९ पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. पण सोलापुरात या. गिरण्या एकेक करून थंड झाल्या. चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, गणवेश शिवणारे कारखाने देशभर माल पाठवतात, पूर्व भागात यंत्रमाग खडखडतातच. दीडशे वर्षं कापड विणणाऱ्या या शहरात कापडाचं मोठं संग्रहालय उभं राहायला हवं, आणि ते मागणं जास्त नाही. जेकार्डच्या भोकाच्या पुठ्ठ्यांवर विणलेल्या जुन्या भिंतचादरी, लुगड्यांचे नमुने, गिरण्यांच्या छापाचे शिक्के, मजुरीची पुस्तकं, सगळं घराघरांत माळ्यावर पडलंय. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय अवस्था होते ते तुम्हीच सांगा.

बाराबंदी मात्र टिकली. तिला कुणी काचेत ठेवलं नाही. दर जानेवारीला ती लागतेच, म्हणून ती दरवर्षी धुतली जाते, उसवलेली शिवली जाते, विरली की तशीच नवी शिवली जाते, आणि बंद कसे बांधायचे हे मुलाला बापाकडून कळतं. गाऊनला असा सण नव्हता. त्याला पेटी हवी होती, चिठ्ठी हवी होती, आणि दोन्ही मिळालं नाही.

तेव्हा आता तुमच्या घरात चला. सोलापुरातलं कुठलंही घर घ्या, माळ्यावर लोखंडी ट्रंक असतेच. खाली काढा. आजीचं इरकली असेल, आईच्या लग्नातला शालू, एखाद्या मावशीनं सत्तरच्या दशकात मुंबईला रिसेप्शनमध्ये घातलेला टिकल्यांचा गाऊनसुद्धा निघेल. हात धुवा, अंगठ्या काढा. प्लॅस्टिकची पिशवी आधी फाडून टाका, तिच्यात दमटपणा कोंडतो. वर्तमानपत्राचा कागदही नको, त्यातलं आम्ल कापडात उतरतं आणि शाई वेगळी. जुनं मऊ मलमल, खळ पूर्ण धुऊन काढलेलं, ते खाली-वर घाला. घडी मोडा. वर्षानुवर्षं एकाच ओळीवर घडी राहिली की जर आणि रेशीम तिथेच चिरतं, म्हणून घडीच्या पोटात मलमलची वळकटी ठेवा आणि दर काही महिन्यांनी ओळ बदला. टिकल्यांचं जड वस्त्र हँगरवर टांगू नका, त्याचं वजनच खांदे फाडतं, ते आडवं निजवा. टिकल्या जुन्या असतील तर पाणी लावायच्या आधी विचार करा, कारण १९३०च्या दशकात जिलेटिनच्या टिकल्या निघाल्या होत्या, त्या पाण्यात विरघळतात आणि उन्हाच्या झळीनं वाकतात. डांबरगोळ्या फडक्याच्या पुरचुंडीत, कापडाला न टेकवता. आणि ट्रंक माळ्यावर परत चढवू नका. घरातल्या सगळ्यात गार खोलीत पलंगाखाली तिची जागा करा.

मग चिठ्ठी. सुती पट्टीवर पेन्सिलनं लिहा आणि दोन सैल टाके घालून आतल्या कडेला लावा. पिन नको, गंजते. कुणाचं, कधी घेतलं, कुठून, कुणी विणलं किंवा शिवलं, कुठल्या दिवशी घातलं. सोबत त्या दिवसाचा फोटो असेल तर त्याची प्रत.

इथे अडचण येईल ती आत्याची. ती दाराशी उभी राहून सगळं बघत असेल आणि म्हणेल, “काय करायलालास रे? फडक्याला कसली चिठ्ठी?” तिला बसवा. हातात ते लुगडं द्या. दोन मिनिटं ती गप्प राहील, पदर उलटा करून जोडावर अंगठा फिरवेल आणि मग सांगायला लागेल की हे अण्णांनी दिवाळीला नव्हे, जुनी मिल परत सुरू झाली तेव्हा आणलं होतं, विणकर साखर पेठेतला होता, पैसे तीन हप्त्यांत दिले आणि पहिल्यांदा नेसलं ते थोरल्याच्या बारशाला. काकू आतून ओरडेल की थोरल्याच्या नव्हे, मधल्याच्या. दोघींचं लिहून घ्या.